शास्त्रज्ञांचा वाद आणि आपली मिठाची बरणी

घरात कुणाचा रक्तदाब वाढला की डॉक्टर पहिल्यांदा सांगतात, "मीठ कमी करा." चिठ्ठी पेशंटच्या नावाची, पण हुकूम तुम्हाआम्हाला, कारण बरणी आपल्या हाताशी! आणि मग कुठूनतरी बातमी येते की फार कमी मीठ खाणंही वाईट. सासूबाई म्हणतात, "बघ, मी म्हणत नव्हते?" भाजी बेचव झाल्याचं खापर आपल्यावर. नावडतीचं मीठ अळणी, ही म्हण काही उगीच नाही आली!

तर मैत्रिणींनो, हा वाद आहे तरी काय, ते एकदा नीट पाहू या.

मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. जादा सोडियम मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं असतं. ते काम मागे पडलं की रक्तातलं पाणी वाढतं आणि रक्तवाहिन्यांवर ताण येतो. इथवर सारे एकमताचे. पण एकीने रोज ठेचा-भाकरी आणि लोणचं खाल्लं तरी तिला काही होत नाही, आणि दुसरीचा दाब मात्र चढतो, असं का? अमेरिकेतले डॉ. लुईस डाल यांनी १९६० च्या दशकात उंदरांचे दोन वंश वाढवले. एकाचा दाब मिठाने वाढे, दुसऱ्याचा फारसा वाढत नसे. माणसांतही असा फरक असतो. मात्र आपण कुठल्या गटातल्या, हे सांगणारी सोपी तपासणी दवाखान्यात होत नाही.

१९८८ साली 'इंटरसॉल्ट' नावाची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ३२ देशांतली ५२ ठिकाणं, त्यांत आपली दिल्ली आणि लडाखही. दहा हजारांवर लोकांची चोवीस तासांची लघवी तपासली. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खात नाहीत, आणि त्यांचा दाब वयाबरोबर चढतही नाही. पण अगदी कमी मीठ खाणारे असे चार गट वगळले, तर उरलेल्या ४८ ठिकाणी जास्त मीठ तिथे जास्त दाब, असं काही स्पष्ट दिसेना. वयाबरोबर दाब किती चढतो, याचा मिठाशी असलेला संबंध मात्र टिकला. झालं! दोन्ही पक्षांना हवं ते मिळालं.

२००१ साली अमेरिकेत ४१२ जणांना संशोधकांनी स्वतःच जेवण पुरवलं आणि मीठ तीन पायऱ्यांनी बदललं. मीठ उतरलं तसा दाब उतरला. ज्यांना आधीच रक्तदाब होता त्यांचा जास्त. पुढे २०१४ मध्ये 'प्युअर' पाहणी आली. १७ देशांतले लाखावर लोक, त्यांत भारतीयही. तिचा निष्कर्ष असा, की दिवसाला साधारण साडेसात ते पंधरा ग्रॅम मीठ खाणाऱ्यांना हृदयविकार आणि मृत्यूचा धोका सर्वांत कमी. त्याहून कमी खाणाऱ्यांनाही धोका जास्त! विरोधकांनी विचारलं, एका सकाळच्या लघवीवरून हा हिशेब कसा मांडला? मला हा आक्षेप पटतो. एका दिवसाच्या दुधावरून गवळ्याचं महिन्याचं बिल कुणी काढतं का? शिवाय आजारी माणूस मुळातच कमी जेवतो, म्हणून त्याचं मीठही कमी भरतं.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाही पुरता भरत नाही. भारतात २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत सरासरी निघाली ८ ग्रॅम, पुरुषांची ८.९, बायकांची ७.१. म्हणजे आपण नेमक्या भांडणाच्या मैदानात उभ्या! पण ज्याला रक्तदाब आहे त्याने जास्त मीठ खाऊ नये, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दर तीन प्रौढांमागे एकाहून थोड्या अधिकांना रक्तदाब निघाला. तेव्हा वाद मिटेपर्यंत थांबायची चैन आपल्याला परवडायची नाही.

आपल्या यवतमाळला समुद्र नाही. म्हणूनच १९३० साली बापूजी अण्यांनी मिठाऐवजी पुसदला जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. आपलं मीठ नेहमीच विकतचं, आणि त्याचा एक फायदा आहे: ते मोजता येतं. पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. चार माणसांचे रोजचे वीस ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा पन्नास दिवस पुरायला हवा. लोणच्याच्या मोसमातलं मीठ वेगळं धरा. आणि हो, फरसाण, पाव, बिस्किटं यांतलं मीठ या पुड्यात येत नाही बरं!

कमी करायचं तर वरणापासून सुरुवात नको. तिथे लगेच बोंब होते. आधी पानातलं वरचं मीठ, पापड, सांडगी मिरची, लोणचं. पापडखारात आणि खाण्याच्या सोड्यातही सोडियमच असतं. मग कणकेतलं आणि भातातलं मीठ काढा. भाजीतलं हळूहळू उतरवा, जीभ काही आठवड्यांत सरावते. लिंबू, लसूण, आपला सांबार म्हणजे कोथिंबीर सढळ हाताने घाला. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही. तेही मीठच, आणि वरून घातलेलं नसेल तर त्यात पुरेसं आयोडीनही नसतं.

दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत, लकवा होऊन गेलेल्या किंवा साठीपुढच्या रक्तदाबाच्या लोकांना असं मीठ दिलं. २०२१ साली निकाल आला, लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.

राहिला प्रश्न एका पातेल्याचा. सासूबाईंना रक्तदाब, आणि घरातलाच कुणी मे महिन्याच्या उन्हात शेतावर घाम गाळतो. त्याच्या घामातून मीठ जातं, त्याला सासूबाईंचं माप लावू नका. भाजी कमी मिठात शिजवा, सासूबाईंची वाटी आधी बाजूला काढा, आणि त्याच्या डब्यातल्या भाजीत चिमूटभर मीठ मग घाला. कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र मिठाची काटकसर नको. मीठ-साखरेची तयार पुडी, ओआरएस, पाण्यात कालवून घोट घोट पाजा.