ओहम शांती ओहम!

बाबांचे चाळीस वर्षांचे स्पीकर, लॅमिंग्टन रोडवरचा सेकंडहँड रिसीव्हर, माझा आगाऊपणा... आणि एक जळका वास

'खट्!'

एवढाच आवाज आला आणि गाणं मध्येच बंद. मे महिन्यातली दुपार, डहाणूच्या आमच्या घरात पाहुणे भरलेले, पडवीत आंबे कापणं चाललेलं. आणि मी, म्हणजे दर शनिवारी मुंबईहून उगवणारी कर्तबगार मुलगी, बाबांच्या वाढदिवसाला आणलेल्या नव्या सिस्टिमचं दणक्यात उद्घाटन करत होते. रिसीव्हर पुन्हा चालू केला. पाच मिनिटं गाणं, पुन्हा 'खट्'!

आधी थोडा फ्लॅशबॅक. बाबांनी ८० च्या दशकात पगारातून पैसे साठवून लाकडी खोक्याचे दोन स्पीकर घेतले होते. माझ्या शाळेच्या सगळ्या सकाळी त्या स्पीकरवर गेल्या. मग त्यांचा अॅम्प्लिफायर बंद पडला, दुरुस्त झाला, पुन्हा पडला आणि शेवटी स्पीकरवर आईने भरतकामाचं कापड टाकून फुलदाणी ठेवली. रिटायर झालेले बाबा मोबाइल कानाशी धरून गाणी ऐकायला लागले. ते बघून मला कसंतरीच व्हायचं.

म्हणून हा रिसीव्हर. एप्रिल २०१३ पासून लोकल थेट डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे दहा किलोचं ते धूड मी लेडीज डब्यात मांडीवर घेऊन आणलं. (विरारपर्यंत उभ्याने, हे वेगळं सांगायला नको.) विकत घेताना मी एकच गोष्ट बघितली होती, वॉट! रिसीव्हर १०० वॉटचा, बाबांचे स्पीकर ४० वॉटचे. 'उडणार नाहीत ना?' असं विचारलं तर दुकानातला म्हणाला, 'चलेगा मॅडम.' चाललंही असतं. घोळ मी घातला.

हॉलमध्ये बाबांचे स्पीकर 'ए'ला जोडले. पडवीतल्या पाहुण्यांनाही ऐकू यावं म्हणून माझ्या फ्लॅटवरचे छोटे स्पीकर 'बी'ला जोडले आणि दोन्ही बटणं दाबली. दोनदा 'खट्' झाल्यावर 'बी' बंद केलं. पण मग पडवीत ऐकू कसं जाणार? आवाज वाढवला. आणखी वाढवला. गाणं किंचित चिरकायला लागलं होतं, पण गप्पांच्या गोंगाटात कोणाच्या लक्षात येतंय! दहा मिनिटांनी जळका वास आला आणि डाव्या स्पीकरचा ट्वीटर (चिमणीवाला नव्हे, वरच्या पट्टीचे स्वर वाजवणारा छोटा गोल) गप्प झाला. बाबा काहीच बोलले नाहीत. उठले, प्लग काढला आणि कापड पुन्हा स्पीकरवर टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी डावा स्पीकर आणि रिसीव्हर गाडीत घालून तलासरी गाठलं. चारोटीला हायवे पकडायचा आणि महालक्ष्मीच्या देवळावरून सरळ गुजरातच्या दिशेला जायचं. तिथे लग्नाच्या बँडवाल्यांचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक काका आहेत, असं शेजाऱ्यांकडून कळलं होतं. दुकान म्हणजे उघड्या पडलेल्या मशीनचा ढिगारा. सीमेजवळचं गाव, त्यामुळे काका मला अर्धा वेळ 'ताई' म्हणत होते आणि अर्धा वेळ 'बेन'.

माझी वॉटची कहाणी त्यांनी निम्म्यावरच थांबवली आणि रिसीव्हर उलटा फिरवला. 'वाचा.' स्पीकरच्या टर्मिनलशेजारी बारीक अक्षरांत छापलं होतं : ए किंवा बी, ४ ते १६ ओहम. ए अधिक बी, ८ ते १६ ओहम. मग स्पीकरच्या मागचं लेबल दाखवलं. ४ ओहम!

ओहमचं गणित मी तोपर्यंत बारावीच्या फिजिक्समध्ये सोडून आले होते. स्पीकर करंटला किती अडवतो, त्याचा हा आकडा. टोलनाका आठवा. जितके गेट जास्त उघडे, तितक्या गाड्या सुटणार. ओहम कमी म्हणजे गेट जास्त आणि त्या सगळ्या गाड्या पुरवायच्या रिसीव्हरने. ए आणि बी एकदम दाबलं की बहुतेक रिसीव्हरमध्ये दोन्ही जोड्या पॅरलल लागतात. ८ आणि ८ चे होतात ४. माझ्या केसमध्ये ४ आणि ८, म्हणजे पावणेतीन ओहमच्याही खाली! रिसीव्हर तापला आणि स्वतःला वाचवायला रिले उघडून मोकळा झाला. तो 'खट्' म्हणजे बिचाऱ्याची विनवणी होती. मी ऐकली नाही.

'मग ट्वीटर का गेला? तेव्हा तर बी बंद होतं.'

काकांनी कागदावर लाट काढली आणि तिचा माथा पेनाने सपाट कापला. अॅम्प्लिफायरकडून त्याच्या कुवतीपेक्षा जास्त मागितलं की लाटेची टोकं अशी कापली जातात. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत वरच्या पट्टीचा भर वाढतो, सरासरी पॉवरही वाढते आणि तो मार बसतो ट्वीटरच्या केसासारख्या बारीक तारेच्या कॉइलवर. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा क्लिपिंग आणखी लवकर सुरू होतं.

घरगुती स्पीकर साधारण ८८ डेसिबलचा असतो, म्हणजे १ वॉट दिला की एक मीटरवर तेवढा आवाज. असा स्पीकर दिलेल्या विजेतला अर्धा टक्काही आवाजात बदलत नाही! उरलेली सगळी उष्णता. थोडक्यात, आपण घरात हीटर ठेवतो आणि तो जरासा गातो. त्यात ३ डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट लागतात आणि कानाला 'डबल' वाटायचं असेल तर सुमारे दहापट. म्हणजे ५० ऐवजी १०० वॉट घेतले तर फरक जेमतेम जाणवेल. रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॉट पुरतात. (आणि आमच्या भागातला तारपा! भोपळा, बांबू आणि ताडाची पानं. शून्य वॉटमध्ये अख्खा पाडा नाचतो.)

म्हणून १०० वॉटच्या रिसीव्हरला ४० वॉटचे स्पीकर चालतात, हात ताब्यात असेल तर. उलट छोटा रिसीव्हर पूर्ण पिळलात तर मोठे स्पीकरही जातात. फक्त वॉट आरएमएस आहेत ना, ते बघा. ज्या डब्यावर हजार वॉट पीएमपीओ लिहिलंय, त्याच्या मागे वीज किती खातो तेही छापलेलं असतं. भिंतीतून ३० वॉट घेणारा स्पीकरला सलग त्याहून जास्त देणार कुठून?

लेबल पुसलं गेलं असेल तर काकांची ट्रिक : स्पीकरची वायर सोडवा आणि मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो, ४ ओहमचा तीन-सव्वातीन. वायर जोडताना आधी प्लग काढायचा, लाल लालला, काळी काळीला. तांब्याचा एकही केस शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये, नाहीतर शॉर्ट.

'कुठे ठेवता स्पीकर? फळीवर?' निघताना काकांनी विचारलं. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हापासून त्यांच्या दुकानात वरच्या फळीवर जड काही नाही. आमचे स्पीकर जमिनीलगतच्या चौरंगावर आहेत म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

त्याच ओहमचा ट्वीटर मिळायला दोन आठवडे गेले. त्यांनी हट्टाने जोडी बदलली, एका बाजूचा नवा आणि एका बाजूचा जुना बसवला तर दोन्हीकडचा आवाज वेगळा येतो म्हणून. उजवीकडचा शाबूत जुना ट्वीटर बाबांनी डबीत घालून कपाटात ठेवलाय. आता हॉलमध्ये फक्त 'ए'. माझे छोटे स्पीकर फ्लॅटवर परत गेले आणि पडवीसाठी ब्लूटूथ स्पीकर आणला.

व्हॉल्यूमच्या नॉबशेजारी, घड्याळात अकरा वाजतात तिथे, आईने तिची लाल टिकली चिकटवली. त्याच्यापुढे जायचं नाही. पहिल्या संध्याकाळी बाबांनी स्वतः फुलदाणी उचलली, कापडाची घडी केली आणि नॉब टिकलीपर्यंत नेऊन डोळे मिटून बसले. पण कान जरा पुढे केलेला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मोबाइल कानाशी का असायचा! पुढच्या शनिवारची कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

त्या शनिवारी घरी पोहोचले तर टिकली एकच्या आकड्यावर. मी आईकडे बघितलं.

'मी नाही हं,' आई म्हणाली.

बाबा पेपर वाचत होते. उलटा.