यंत्रांच्या पोटात – लेखांक 6 : जॉबवर्क बाहेर, जबाबदारी घरात

रुग्णालयात शिरेतून औषध ठरलेल्या वेगाने सोडणारा इन्फ्युजन पंप पाहा. त्याच्या दर्शनी बाजूला एका कंपनीचं नाव असतं. आतला हिरवा बोर्ड मात्र पुष्कळदा दुसऱ्याच कुणीतरी भरलेला असतो. रेल्वेचं सिग्नलिंग, विमानातले नियंत्रक, कारखान्यातली यंत्रं चालवणारे पीएलसी यांचंही तसंच. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात अशा कामाला सरळ ‘जॉबवर्क’ म्हणतात. मागच्या लेखात आपण मोबाइलचे कारखाने पाहिले. तिथे लाखोंनी माल निघतो आणि वर्षभरात मॉडेल जुनं होतं. आजचं जॉबवर्क वेगळं आहे, कारण इथे काम देणारा आणि काम घेणारा यांच्यामध्ये कायदा उभा असतो.

हा धंदा मुळात अशाच अवघड कामातून वाढला. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, हंट्सव्हिल इथे 1961 साली ‘स्पेस क्राफ्ट’ नावाची कंपनी निघाली. अंतराळ आणि संरक्षणाच्या कामांवर ती उभी राहिली. पुढे एससीआय म्हणून ओळखली जाणारी हीच कंपनी 1981 मध्ये आयबीएमच्या पहिल्या पीसीसाठी बोर्ड भरू लागली. आज जॅबिलसारखी बहुराष्ट्रीय कंपनी आपल्या रांजणगावात हेच काम करते.

काम बाहेर देण्यामागचं कारण सरळ आहे. सुटे भाग बोर्डावर बसवणारी स्वयंचलित लाइन उभारायला काही कोटी लागतात. वर्षाला दोन-तीन हजार पंप विकणाऱ्या कंपनीकडे ती लाइन बहुतेक दिवस नुसती उभी राहील. दहा गिऱ्हाइकांचे बोर्ड भरणाऱ्याकडे तीच लाइन रोज चालते. एवढा हिशेब सगळ्यांना कळतो. पण काम बाहेर गेलं की जबाबदारीही बाहेर गेली, असं मानणारे उद्योजक अजून भेटतात, आणि माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत धोकादायक अज्ञान तेच आहे.

वैद्यकीय उपकरणांचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 13485 याबाबत स्पष्ट आहे. प्रक्रिया बाहेर दिली तरी उत्पादन नियमांत बसण्याची जबाबदारी मूळ कंपनीचीच राहते. धोका जितका मोठा तितकं नियंत्रण कडक हवं, आणि दोघांत गुणवत्तेचा लेखी करार हवा. आपल्याकडचे 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. त्यांत दुसऱ्या परवानाधारकाच्या जागेत माल बनवून घेणाऱ्यासाठी लोन लायसन्सची तरतूद आहे. औषध कंपन्यांना हा शब्द जुनाच आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना तो आता शिकावा लागतो आहे.

एवढी कडक व्यवस्था कशासाठी? उत्तर सोल्डरिंगमध्ये आहे. सोल्डरचा जोड पक्का आहे की नाही, हे माल तयार झाल्यावर पूर्णपणे तपासता येत नाही. बीजीए प्रकारच्या चिपचे शेकडो जोड, म्हणजे सोल्डरचे बारीक गोळे, तिच्या पोटाखाली झाकलेले असतात. क्ष-किरणांनी त्यांचा आकार दिसतो, आतल्या पोकळ्या दिसतात, पण तो जोड पाच वर्षं तापून-निवून टिकेल का, ते दिसत नाही. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, कारण इथे प्रत्येक शीत वेगळं शिजतं. म्हणून प्रक्रियाच आधी सिद्ध करावी लागते आणि मग ती जराही न हलवता चालवावी लागते. सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत बोर्ड कोणत्या वेगाने तापला, सोल्डर पेस्ट कोणत्या लॉटची होती, सगळ्याची नोंद हवी.

शिशाचंच उदाहरण घ्या. युरोपने 1 जुलै 2006 पासून बहुतेक ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्समधून शिसं हद्दपार केलं. जुना कथील-शिसे सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळतो. बिनशिशाचा प्रचलित सोल्डर साधारण 217 अंशांच्या पुढे. नव्या जोडांचा दीर्घ अनुभव नव्हता, म्हणून वैद्यकीय उपकरणांना 2014 पर्यंत सवलत मिळाली. पण चिप बनवणारे मोठ्या बाजारामागे आधीच गेले होते. मग बिनशिशाच्या गोळ्यांची चिप आणि शिशाची पेस्ट एकाच बोर्डावर आली. भट्टी जुन्याच तापमानावर ठेवली, तर पेस्ट वितळते आणि गोळे अर्धवट राहतात. असा बोर्ड चाचणीत पास होऊ शकतो. रुग्णाजवळ गेल्यावर तो किती दिवस चालेल, याची खात्री कोण देणार?

आपल्या हवामानाचाही इथे संबंध आहे. अनेक चिपचं प्लास्टिक हवेतला ओलावा शोषतं. ओलाव्याच्या संवेदनशीलतेनुसार ठरलेल्या एमएसएल-3 वर्गातल्या चिपची हवाबंद पिशवी एकदा फोडली की 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेत 168 तासांत ती चिप भट्टीतून जायला हवी. नाही तर आधी बेकिंग करून वाळवावी लागते. तसं केलं नाही, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन चिपला तडा जातो. जुलैमध्ये शॉपफ्लोअरचं वातानुकूलन बंद पडलं, तर ही मुदत आणखी घटते. जॉबवर्क देण्याआधी पावसाळ्यातल्या आर्द्रतेचे आलेख मागून घ्यावेत.

खरा वाद मात्र होतो तो बदलावरून. बाजारात एक कपॅसिटर मिळेनासा झाला आणि कंत्राटदाराने ‘तसाच’ दुसरा लावला. रंग, आकार, मूल्य सगळं सारखं. दिव्याच्या माळेत हे खपून जाईल. वैद्यकीय उपकरणात आपल्या नियमांच्या सहाव्या अनुसूचीनुसार गुणवत्तेवर परिणाम करणाऱ्या बदलाला आधी मंजुरी लागते, आणि किरकोळ बदलही 30 दिवसांत कळवावा लागतो. बदल मोठा की किरकोळ, हे कंत्राटदाराच्या खरेदी विभागाने ठरवायचं नसतं. त्याने फक्त विचारायचं असतं, आणि लेखी विचारायचं असतं.

टंचाईत नकली मालही शिरतो. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने 2012 च्या अहवालात संरक्षण पुरवठ्यातल्या संशयित नकली भागांची सुमारे 1,800 प्रकरणं मांडली. एकूण भाग दहा लाखांहून अधिक होते. जुन्या भंगार बोर्डावरून काढलेल्या चिप घासून, नवा छाप मारून विकलेल्या होत्या. म्हणून करारात अधिकृत वितरकांची यादी असते. ती मोडून स्वस्तात मिळालेली सुट्या भागांची रील ही बचत नव्हे.

हे जॉबवर्क नीट कसं होतं, हे 2020 मध्ये दिसलं. केंद्र सरकारने भारत इलेक्ट्रॉनिक्सला 30,000 व्हेंटिलेटरची मागणी दिली. रडार आणि लष्करी इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्या या कंपनीचा तो प्रांत नव्हता. डिझाइन म्हैसूरच्या स्कॅनरेचं होतं, डीआरडीओची मदत होती. परदेशातून येणाऱ्या झडपांसारख्या भागांची वाट बंद झाल्यावर ते देशात बनवून घेतले गेले. काही महिन्यांत मागणी पूर्ण झाली. मला यात कामाच्या वेगापेक्षा शिस्तीची जोड मोलाची वाटते. स्कॅनरेला रुग्णाच्या श्वासाचं ज्ञान होतं, तर भारत इलेक्ट्रॉनिक्सला प्रत्येक भागाचा माग ठेवायची लष्करी सवय. यातलं एक जरी नसतं तरी तेवढी यंत्रं भरवशाची झाली नसती.

त्यामुळे कंत्राटदार निवडताना प्रतिबोर्ड दराआधी काही गोष्टी ठरवाव्यात. चाचणीत बोर्ड धरणारी जिग कोणाच्या मालकीची? करार तुटला तर ती आणि प्रोग्रॅम परत मिळतील का? नोंदी किती वर्षं राहतील? आयएसओ 13485 प्रमाणे त्या निदान उपकरणाच्या आयुष्याइतक्या, आणि माल बाहेर पडल्यापासून किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. पण पंधरा वर्षं चालणाऱ्या यंत्रातली चिप सातव्याच वर्षी बंद झाली तर? तो भाग पुढच्या आठवड्यात.