गोणीपासून हार्वेस्टरपर्यंत : शेतमाल वाहतुकीतील सुरक्षित बांधणी

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे भोसले राजघराणे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि तेथील मोडी कागदपत्रे उभी राहतात. शेतीच्या अभ्यासकाला मात्र हा जिल्हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे कोठार म्हणून परिचित आहे. येथे कुरुवई, सांबा आणि ताळडी अशा हंगामांत भात घेतला जातो. कुरुवईची कापणी ईशान्य मोसमी पाऊस तोंडावर आलेला असताना होते, तर सांबाची कापणी पोंगलच्या आगेमागे सुरू होते. दोन्ही वेळी थोड्या दिवसांत मोठे काम उरकावयाचे असते. हार्वेस्टर ट्रकवर चढवून गावोगाव न्यावे लागतात. भात शेतातून थेट खरेदी केंद्रावर आणि तेथून गोदामाकडे व गिरणीकडे जातो.

पीक उभे करण्यासाठी जे शास्त्र वापरले जाते, ते पीक ट्रकवर चढताच बहुधा मागे पडते. गोण्या कशा बांधाव्यात, हे चालक आणि हमाल सवयीने ठरवितात. ही सवय नेहमीच पुरेशी नसते. वळणावर घसरलेली ४० किलोची गोणी मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते. अचानक ब्रेक लागल्यावर पुढे सरकलेला भार चालकाच्या केबिनवर आदळतो. नीट न बांधलेले हार्वेस्टर उतारावर ट्रकसह कलंडू शकते. म्हणूनच रॅचेट पट्टा, ज्याला वाहनचालक ‘कार्गो बेल्ट’ म्हणतात, तो कसा निवडावा आणि कसा वापरावा, हे विस्तार कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी समजून घेणे आवश्यक आहे.

भार का सरकतो?

धावती एस.टी. अचानक थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात. ट्रकमधील मालाचेही तसेच होते. वाहन थांबते, पण माल आपल्या गतीने पुढे जाऊ पाहतो. मालबांधणीसंबंधीच्या ईएन १२१९५ या युरोपीय मानकात यासाठी सोपे प्रमाण दिले आहे. जोराच्या ब्रेकच्या वेळी मालाच्या वजनाच्या ०.८ पट बल पुढच्या दिशेने, तर वळणावर आणि मागच्या दिशेने ०.५ पट बल गृहीत धरून बांधणी करावी. म्हणजे १० टन भातासाठी पुढे ८ टनांचा आणि बाजूला ५ टनांचा रेटा पेलण्याची तयारी हवी. ४० किलोच्या २५० गोण्या म्हणजेच १० टन; हा भार भातपट्ट्यात रोजच्या पाहण्यातला आहे.

पट्टा नेमके काय करतो?

मालावरून आडवा टाकलेला पट्टा माल धरून ठेवतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो मालाला हौद्यावर दाबतो. माल जागेवर राहतो तो घर्षणामुळे; पट्ट्याचे काम त्या घर्षणात भर घालण्याचे आहे.

उदाहरणासाठी घर्षणांक ०.४ धरू. १ टन मालावर ब्रेकच्या वेळी ८०० किलोचा रेटा येतो. त्यापैकी ४०० किलोचा रेटा मालाच्या स्वतःच्या वजनाने निर्माण झालेले घर्षण रोखते. उरलेल्या ४०० किलोची जबाबदारी पट्ट्यांवर येते. पट्ट्यात ३०० किलोचा ताण असेल, तर दोन्ही बाजू मिळून तो मालावर ६०० किलोचा दाब देतो आणि त्यातून केवळ २४० किलोचे घर्षण वाढते. सुरक्षिततेसाठी २५ टक्के जादा धरल्यास १ टनासाठी दोनपेक्षा किंचित अधिक पट्टे लागतात. या हिशेबाने १० टनांसाठी २१ पट्टे हवेत. इतके पट्टे कोणताही चालक लावणार नाही.

उपाय वेगळा आहे. माल हौद्याच्या पुढच्या भिंतीला पूर्णपणे भिडवून लावला, तर पुढच्या रेट्याचा मोठा भाग ती भिंत घेते. मग पट्ट्यांना मुख्यतः बाजूचा रेटा सांभाळावा लागतो. १ टनामागे ५०० किलोच्या रेट्यातून घर्षणाचे ४०० किलो वजा जाता १०० किलो उरतात. १० टक्के जादा धरूनही १० टनांसाठी ५ पट्टे पुरतात. त्याच मालासाठी २१ ऐवजी ५ पट्टे, हा फरक केवळ माल कसा रचला यातून पडतो.

यासाठी पुढची भिंत मात्र भक्कम हवी. वरील उदाहरणात ८ टनांच्या रेट्यातून घर्षणाचे ४ टन आणि पाच पट्ट्यांच्या दाबाने वाढलेले सव्वा टन वजा केले, तरी भिंतीवर पावणेतीन टनांचा भार येतो. गंजलेली, वेल्डिंग सुटलेली किंवा नुसत्या पत्र्याची भिंत तो पेलू शकत नाही. माल आणि भिंत यांच्यात फट राहिली तर धोका आणखी वाढतो, कारण माल वेग घेऊन भिंतीवर आदळतो. फट राहत असल्यास ती लाकडी चौकट, पॅलेट किंवा घट्ट भरलेल्या गोण्यांनी बुजवावी.

तंजावरच्या बाहुलीचा धडा

तंजावरची ‘तलैयाट्टी बोम्मै’ ही डोलणारी बाहुली प्रसिद्ध आहे. कितीही ढकलली तरी ती पुन्हा सरळ उभी राहते, कारण तिचा तळ गोलाकार व जड असून वरचा भाग हलका असतो. गोण्या वर वर रचत नेलेला ट्रक याच्या उलट वागतो. थर जितके उंच, तितका गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर कलंडण्याची शक्यता वाढते. पट्टे कितीही घट्ट असले तरी हा दोष झाकला जात नाही. त्या स्थितीत मालाबरोबर ट्रकही कलंडतो. म्हणून जड माल खाली व मध्यभागी, हलका माल वर आणि डाव्या-उजव्या बाजूंचे वजन समान, हा नियम पाळावा. भाताच्या पेंढ्याच्या गाठी वजनाला हलक्या असल्या तरी उंचीमुळे त्यांचा भार अस्थिर होतो. गावातील विजेच्या तारांचा धोकाही त्यात असतो. पेंढ्याच्या प्रत्येक ओळीवर पट्टा असावा.

पट्ट्याची निवड

काथ्याचा किंवा प्लॅस्टिकचा दोर हाताने कितीही ओढला तरी त्यात पुरेसा आणि मोजता येण्याजोगा ताण येत नाही. गाठीमुळे दोराची ताकद सुमारे निम्म्यापर्यंत घटू शकते. उन्हाने प्लॅस्टिकचा दोर ठिसूळ होतो. रॅचेटमुळे मात्र ठरावीक ताण देता येतो आणि तो टिकवता येतो.

पट्टा घेताना त्यावर शिवलेली पट्टिका प्रथम वाचावी. युरोपीय मानकानुसार पॉलिएस्टर पट्ट्याची पट्टिका निळी, पॉलिअमाइडची म्हणजे नायलॉनची हिरवी आणि पॉलिप्रोपिलीनची तपकिरी असते. सर्वसाधारण शेतमालासाठी पॉलिएस्टर योग्य ठरते, कारण ते कमी ताणले जाते आणि ओले झाले तरी त्याची ताकद फारशी कमी होत नाही. नायलॉन अधिक ताणते, त्यामुळे बांधणी सैल पडते. पॉलिएस्टर अल्कलीने, तर नायलॉन आम्लाने खराब होते. म्हणून चुना, खते किंवा बॅटरीतील आम्ल यांचा संपर्क टाळावा.

पट्टिकेवरील दोन आकड्यांतील फरक ध्यानात घेणे महत्त्वाचे आहे. ‘एलसी’ म्हणजे सरळ ओढीत पट्टा सुरक्षितपणे पेलू शकणारे बल. ‘एसटीएफ’ म्हणजे हाताने रॅचेट आवळल्यावर पट्ट्यात राहणारा ताण. हे आकडे डेकान्यूटनमध्ये असतात. १ डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलोचा भार. ५० मिलिमीटर रुंद पट्ट्याची ‘एलसी’ सामान्यतः २,५०० असली तरी ‘एसटीएफ’ ३०० च्या आसपासच असू शकते. गोण्यांवरून आडवा पट्टा टाकताना दुसरा आकडा कामाचा असतो, कारण दाब त्यातूनच निर्माण होतो. यंत्र कोपऱ्यांतून ओढून बांधताना पहिला आकडा पाहावा. बाजारात ‘५ टनी बेल्ट’ म्हणून मिळणाऱ्या पट्ट्याचे ५ टन म्हणजे तुटण्याची मर्यादा की वापराची, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. पट्टिका नसलेला पट्टा घेऊ नये.

गोण्यांची बांधणी

गोण्यांचा एक थर आडवा तर पुढचा उभा, विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे मोडत रचावा. विणलेल्या प्लॅस्टिकच्या गोण्या तागाच्या गोण्यांपेक्षा अधिक घसरतात, म्हणून त्यांचे थर कमी ठेवावेत. हौद्यात सांडलेले धान्य, भुसा व चिखल झाडून काढावा. गोलसर दाण्यांवर गोणी सहज घसरते. बाजूच्या फळ्यांच्या वर गेलेले थर केवळ पट्ट्यांच्या भरवशावर असतात, त्यामुळे शक्यतो फळ्यांच्या आतच माल मावेल असे पाहावे.

पट्टा थेट गोणीवर न आवळता कडेला लाकडी फळी किंवा कोन-संरक्षक ठेवावा. त्यामुळे दाब अनेक गोण्यांवर पसरतो आणि गोणी फाटत नाही. पट्टा हौद्याच्या कडेला जितका उभा उतरेल, तितका त्याचा दाब अधिक. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला, तर दाब निम्म्यावर येतो. रॅचेट आळीपाळीने डाव्या व उजव्या बाजूस घ्यावेत, कारण रॅचेटच्या विरुद्ध बाजूस ताण कमी पोहोचतो. रॅचेटच्या दांडीवर पट्ट्याचे दोन ते तीन वेढे बसावेत; कमी वेढ्यांनी पट्टा निसटतो, जास्त वेढ्यांनी रॅचेट अडकते. अधिक ताण मिळावा म्हणून रॅचेटच्या मुठीला पाइप लावू नये.

धान्य प्रवासात खाली बसते आणि पट्टे सैल होतात. म्हणून निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून सर्व पट्टे पुन्हा आवळावेत. ही पाच मिनिटे वाचविण्याच्या नादात बहुतेक बांधणी निकामी होते.

हार्वेस्टरची बांधणी

कावेरीच्या ओल्या शेतात चाकांऐवजी पट्टीचाकांचे हार्वेस्टर अधिक उपयोगी पडतात. रस्त्यावरून त्यांना लांब चालवत नेणे परवडत नाही, म्हणून ते ट्रकवर चढवावे लागतात. चिखलाने माखलेली पट्टीचाके आणि हौद्याचा लोखंडी पत्रा यांच्यात घर्षण अत्यल्प असते. यंत्र चढविण्यापूर्वी पट्टीचाके धुवावीत आणि हौद्यात लाकडी फळ्या किंवा रबरी चटया अंथराव्यात.

येथे वरून दाबणारी बांधणी पुरत नाही. यंत्राच्या चारही कोपऱ्यांतून तिरक्या दिशेने चार स्वतंत्र पट्टे किंवा साखळ्या ओढाव्यात. ३ टनांच्या यंत्राचे उदाहरण घेऊ. पुढच्या दिशेने २.४ टन रेटा येतो. घर्षणांक ०.३ धरल्यास ०.९ टन घर्षणाने रोखले जातात आणि दीड टन उरतात. मागे ओढणारे दोन पट्टे २,५०० ‘एलसी’चे असून ते जमिनीशी आणि ट्रकच्या लांबीशी साधारण ४५ अंशांचा कोन करीत असतील, तर दोघे मिळून सुमारे अडीच टन पेलतात. यात पुरेशी सुरक्षितता आहे. यंत्र याहून जड असल्यास किंवा पट्टा धारदार लोखंडावर घासत असल्यास साखळी व तिला आवळणारे साधन वापरावे.

हूक केवळ यंत्राच्या सांगाड्यावरील मजबूत जागी अडकवावेत. कटरबार, रेलिंग किंवा पाइप यांना अडकवू नयेत. कटरबार खाली टेकवावा किंवा शक्य असल्यास वेगळा काढून न्यावा. ब्रेक लावून पट्टीचाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे खिळ्यांनी पक्के करावेत. प्रवासात यंत्रावर किंवा मालावर कोणीही बसू नये.

पट्टा केव्हा टाकून द्यावा?

कडेला रुंदीच्या १० टक्क्यांहून अधिक काप, उसवलेली शिलाई, उष्णतेने वितळलेला भाग, वाकलेला किंवा तोंड उघडलेला हूक, अडखळणारे रॅचेट आणि नाहीशी झालेली पट्टिका यांपैकी एकही दोष आढळल्यास पट्टा बाद करावा. तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारून तो पुन्हा वापरू नये. काम झाल्यावर पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा आणि गुंडाळून ठेवावा.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिभारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. माल वाहनाच्या बाजूंबाहेर, पुढे, मागे किंवा अनुज्ञेय उंचीच्या वर गेल्यासही २०,००० रुपये दंड होतो. बांधणी उत्तम असली तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

तंजावर येथील राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्थेचे मूळ भात प्रक्रिया संशोधन केंद्रात आहे. ओल्या भाताचे नुकसान कसे टाळावे, या प्रश्नातून तेथील काम वाढले. काढणीनंतरच्या साखळीत वाळवण आणि साठवणुकीइतकाच वाहतुकीचाही विचार व्हावयास हवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या भातपट्ट्यांत हंगामापूर्वीच्या मेळाव्यात एखादा रिकामा ट्रक, पन्नास गोण्या आणि चार पट्टे घेऊन तासाभराचे प्रात्यक्षिक सहज घेता येईल. त्यात चालक व हमाल यांना आवर्जून बोलवावे, कारण पट्टा आवळणारे हात त्यांचेच असतात.

ट्रक निघण्यापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात :

- माल पुढच्या भिंतीला भिडला आहे. मधे फट नाही.
- जड माल खाली आणि मध्यभागी आहे.
- प्रत्येक पट्ट्यावर पट्टिका आहे. काप किंवा गाठ नाही.
- कडेला फळ्या आहेत. पट्टे शक्य तितके उभे उतरले आहेत.
- ताडपत्रीची व पट्ट्यांची मोकळी टोके बांधलेली आहेत.
- मालावर कोणी बसलेले नाही.
- पट्टे पुन्हा आवळण्यासाठी पहिला थांबा कोठे घ्यावयाचा, हे चालकाला सांगितले आहे.