पहारेकऱ्याचा आपद्धर्म



नियम एकदा ठरवला आणि परिस्थिती बदलली, तर नियमाने काय करावं? हा प्रश्न आम्ही तत्त्वज्ञानवाले नेहमी नीतीच्या संदर्भात विचारतो. आज तो आपण वीज उपकेंद्रातल्या एका छोट्या यंत्राच्या संदर्भात विचारणार आहोत. त्याचं नाव रिले.

रिले म्हणजे वाहिनीवरचा पहारेकरी. तो विद्युतदाब आणि प्रवाह सतत मोजत असतो. शॉर्टसर्किट झालं की प्रवाह वाढतो, दाब पडतो. मोजमाप ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं, की रिले ब्रेकरला हुकूम देतो आणि वाहिनी तोडली जाते. या मर्यादेलाच सेटिंग म्हणतात. ते ठरवतो अभियंता, आणि रिले ते पाळतो. किती निष्ठेने पाळतो, ते पाहा.

9 नोव्हेंबर 1965. कॅनडात नायगाराजवळच्या सर ॲडम बेक वीजकेंद्रातून टोरांटोकडे पाच वाहिन्या जात होत्या. त्यांच्यावरच्या रिलेंचं सेटिंग 1963 मध्ये, तेव्हाचा भार बघून, सुमारे 375 मेगावॅटवर ठेवलेलं होतं. पुढे भार वाढत गेला. वाहिनीची क्षमता त्याहून जास्त होती, पण सेटिंग तिथंच राहिलं. त्या संध्याकाळी एका वाहिनीवरचा भार ती रेषा ओलांडून गेला. रिलेने वाहिनी तोडली. तिचा भार उरलेल्या चार वाहिन्यांवर पडला आणि काही क्षणांत त्याही तुटल्या. न्यूयॉर्कसह सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. काही ठिकाणी वीज परतायला तेरा तास लागले. रिले बिघडलेला नव्हता. त्याला सांगितलं होतं तेच त्याने केलं.

आता आपल्याकडे येऊ. 30 जुलै 2012, पहाटेचे 2 वाजून 33 मिनिटं. मध्य प्रदेशातल्या बिना आणि ग्वाल्हेर यांच्यामधली 400 केव्हीची एक वाहिनी तुटली. तिथं शॉर्टसर्किट नव्हतं. शेजारची वाहिनी क्षमता वाढवण्याच्या कामासाठी बंद होती, त्यामुळे चालू वाहिनीवर भार प्रचंड होता. असे रिले दाबाला प्रवाहाने भागून बिघाड किती दूर आहे याचा अंदाज घेतात. भार खूप वाढून दाब घसरला, की हा भागाकार लहान होतो आणि रिलेला भारच दूरचा बिघाड वाटतो. उत्तरेचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच वाहिनीवर तेच घडलं, आणि उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तीन ग्रिडं गेली. 60 कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातली वीज गेली. पश्चिम ग्रिड टिकलं, म्हणून महाराष्ट्रातले दिवे चालू राहिले. या संकटाला कारणं अनेक होती, सगळा दोष एका सेटिंगवर टाकता येणार नाही. पण एवढं खरं, की शेजारची वाहिनी बंद आहे हे माणसांना माहीत होतं; रिलेच्या नियमात मात्र ते उतरलेलं नव्हतं.

मग उपाय काय? आजच्या संगणकीय रिलेमध्ये सेटिंगचे अनेक संच साठवता येतात. एक नेहमीचा, एक शेजारची वाहिनी बंद असतानाचा, आणखी एक वेगळ्या प्रसंगासाठी. ब्रेकरच्या स्थितीचा संकेत किंवा नियंत्रण कक्षाचा आदेश आला, की रिले आपोआप संच बदलतो.

सौरऊर्जेवर चालणाऱ्या छोट्या ग्रिडमध्ये तर याची फारच गरज पडते. मोठ्या ग्रिडशी जोडलेलं असताना बिघाडात प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. तुटून एकटं पडल्यावर इन्व्हर्टर साधारण दीडपटीच्या आतच प्रवाह देतात. जुन्या सेटिंगला मग बिघाड दिसतच नाही.

आणखी एक उदाहरण घ्या. कामगार विद्युत पॅनेल उघडून आत काम करतोय. तेवढ्या वेळापुरतं एक कडक सेटिंग लावतात: जरा काही झालं की ताबडतोब तोड. एरवी बिघाड असेल तेवढाच भाग तोडायचा, बाकीच्यांची वीज जाऊ द्यायची नाही, असा दंडक असतो. इथं तो बाजूला ठेवायचा. चार घरं जास्त अंधारात गेली तरी चालतील, माणूस भाजता कामा नये. म्हणजे बघा, इथं नुसते आकडे बदलत नाहीत. कशाला आधी जपायचं, हा क्रमच बदलतो.

यालाच आपल्या परंपरेत आपद्धर्म म्हणतात. शांतिपर्वात त्यावर स्वतंत्र उपपर्व आहे. दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र तिथं निषिद्ध मांस खायला निघतो, आणि तसं का करावं याचा वाद स्वतः घालतो. आपत्ती आली आहे हे तोच ओळखतो, निर्णयही तोच घेतो. रिलेला हे जमणार नाही. त्याचा आपद्धर्म आधीच कुणीतरी लिहून ठेवावा लागतो. त्याच्याकडे उरतं फक्त ओळखणं.

आणि खरी जोखीम या ओळखण्यात आहे. ब्रेकर उघडला, पण त्याची स्थिती सांगणारा संपर्कबिंदू अडकून बसला, तर रिले शांतकाळाचा नियम आपत्तीत चालवील. एका रिलेने संच बदलला आणि शेजारच्याने नाही बदलला, तर कुणी आधी तोडायचं हा दोघांमधला करारच मोडेल. म्हणून जाणते अभियंते एका संकेतावर विसंबत नाहीत. दोन संकेतांचा मेळ बसला, तो थोडा वेळ टिकला, तरच संच बदलू देतात. संपर्क तुटला, तर कोणत्या संचावर परतायचं हेही आधीच ठरवून ठेवतात. आणि तरतूद न केलेला तिसराच प्रसंग उद्भवला, तर सगळे संच अपुरे पडतात.

तेव्हा आपोआप म्हणजे माणसाविना, असा अर्थ आपण घेऊ नये. निर्णय माणसाचाच असतो, फक्त तो आधी घेतलेला असतो. 1963 मधला तो आकडा त्या काळी योग्य असेलही. तो अजून योग्य आहे का, हे पुन्हा विचारायचं काम त्या रिलेचं नव्हतं. चार संच दिले काय किंवा आठ दिले काय, ते काम आपल्याकडेच राहतं.