‘नाकारली’ आणि ‘संपली’ : गेटवेवरील जोडणीदोषांचे निदान

संस्थेचे अंतर्गत नेटवर्क बाहेरच्या जगाशी सांधणाऱ्या गेटवे-यंत्रावर जोडणी होईनाशी झाली, म्हणजे बहुधा दोहोंपैकी एक संदेश येतो : ‘जोडणी नाकारली’ किंवा ‘मुदत संपली’. व्यवहारात हे दोन्ही समानार्थी समजले जातात. व्याकरणाने ते तसे नाहीत. ‘नाकारणे’ सकर्मक आहे, त्यास कर्ता हवा. पलीकडून कोणी तरी उत्तर दिले आहे : त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्रॅम चालू नसल्याने यंत्राने, अथवा वाटेतील फायरवॉलने. ‘संपणे’ अकर्मक. पॅकेट हरवले, फायरवॉलने निमूटपणे टाकून दिले, की उत्तर भलत्याच मार्गाने परतले, हे त्यावरून कळत नाही. अशा वेळी गेटवेच्या दोन्ही अंगांस पॅकेटांची नोंद घेऊन ताडून पाहावी.

ह्याहून फसवा प्रकार तिसरा. जोडणी होते, लहान संदेश जातात, मोठी फाईल मात्र अडून राहते. मार्गाच्या मानाने पॅकेट मोठे असून त्याच्या विभाजनास मनाई असेल, तर राउटर ते टाकतो व आयसीएमपी संदेशाने तसे कळवितो. मार्गाची मर्यादा ह्या संदेशावरून ओळखण्याची रीत १९९० साली आरएफसी ११९१ मध्ये मांडली गेली. सुरक्षेच्या अतिउत्साहात (तो दुर्मीळ नाही) गेटवेवर सरसकट आयसीएमपी अडविले, की हा निरोपही अडतो, आणि पाठविणारा तेच पॅकेट पुनःपुन्हा पाठवीत बसतो. म्हणून निदान तिसऱ्या प्रकारातील चौथ्या संकेताचा संदेश तरी गेटवेतून जाऊ द्यावा.