मदतनिधीसाठी सायकलफेरी : प्रथमच सहभागी होणाऱ्यांनी काय जाणून घ्यावे?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दरवर्षी ऑगस्ट महिन्याच्या आरंभी, शनिवारी आणि रविवारी, हजारो सायकलस्वार रस्त्यावर उतरतात. ‘पॅन-मास चॅलेंज’ या नावाने ओळखली जाणारी ही सायकलफेरी म्हणजे शर्यत नव्हे. कोण आधी पोहोचले याला तिथे महत्त्व नाही. प्रत्येक स्वाराने बोस्टन इथल्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी किती निधी जमवला, याचा हिशेब मात्र काटेकोरपणे ठेवला जातो.

या फेरीची सुरुवात १९८० मध्ये बिली स्टार यांनी केली. त्यांच्या आईचे १९७४ मध्ये त्वचेच्या कर्करोगाने निधन झाले होते. पहिल्या वर्षी अवघे ३६ स्वार निघाले आणि १० हजार २०० डॉलर जमा झाले. २०२४ या एका वर्षात हा आकडा साडेसात कोटी डॉलरवर गेला आणि आरंभापासूनची एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे पोहोचली.

अशा फेरीत प्रथमच नाव नोंदवणाऱ्याचा सर्वसाधारण समज असा असतो, की नोंदणी शुल्क भरले म्हणजे देणगी दिली. वस्तुतः या दोन्ही रकमा वेगळ्या आहेत. शुल्क हे व्यवस्थेसाठी, म्हणजे वाटेवरचे पाणी, खाणे, दुरुस्ती, वैद्यकीय पथक यांसाठी असते. देणगी स्वाराने आपल्या परिचितांकडून मिळवायची असते. पॅन-मास चॅलेंजमध्ये प्रत्येक स्वार एक किमान रक्कम जमवण्याचे लेखी वचन देतो. ठरलेल्या मुदतीत ती पूर्ण झाली नाही, तर उरलेली रक्कम त्याच्याच क्रेडिट कार्डावरून वसूल केली जाते. ही अट कठोर वाटते. परंतु तिच्यामुळेच संस्थेला येणाऱ्या निधीची खात्री राहते. आयोजनाचा खर्च शुल्कातून आणि प्रायोजकांकडून भागवला जात असल्याने स्वारांनी जमवलेली संपूर्ण रक्कम संस्थेकडे जाते. सर्वच फेऱ्यांमध्ये अशी व्यवस्था नसते. म्हणून शंभर रुपये दिले तर त्यांतले किती प्रत्यक्ष कार्यासाठी पोहोचतात, हा प्रश्न आयोजकांना विचारण्यात संकोच बाळगू नये. पुढे देणगीदार तोच प्रश्न स्वाराला विचारणार असतो.

डेना-फार्बर संस्थेच्या निधीचा इतिहास रेडिओशी जोडलेला आहे, आणि भारताशीही. डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या बालकांवर अमिनोप्टेरिन या औषधाचा प्रयोग सुरू केला. त्या काळी हा आजार झालेली मुले काही आठवड्यांत दगावत. १९४८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, उपचार केलेल्या १६ बालकांपैकी १० जणांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. ती तात्पुरती होती. तरीही औषधाने हा कर्करोग मागे हटू शकतो, हे प्रथमच दिसले. हे औषध ज्यांच्या नेतृत्वाखालील संशोधनातून लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झाले, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे आणि मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले होते. आपल्याकडे त्यांचे नाव अजूनही फारसे घेतले जात नाही.

मे १९४८ मध्ये एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमाने फार्बर यांच्या रुग्णालयातल्या एका मुलाशी थेट संवाद प्रसारित केला. त्याची ओळख लपवण्यासाठी त्याला ‘जिमी’ म्हटले गेले. त्याला बेसबॉलचे सामने पाहण्यासाठी दूरचित्रवाणी संच मिळावा, असे आवाहन करण्यात आले. देशभरातून दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम आली आणि ‘जिमी फंड’ उभा राहिला. पॅन-मास चॅलेंजची रक्कम याच निधीमार्फत संस्थेला मिळते. लोक किलोमीटरसाठी पैसे देत नाहीत, एखाद्या माणसासाठी देतात, ही गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली होती. नव्या स्वाराने मित्रांना सामुदायिक संदेश पाठवण्यापेक्षा एकेकाला नावानिशी पत्र लिहावे आणि आपण कोणासाठी सायकल चालवत आहोत, हे दोन ओळींत सांगावे.

भारतात अशा फेरीसाठी निधी जमवताना संस्थेची नोंदणी आणि करसवलतीचे प्रमाणपत्र तपासणे आवश्यक आहे. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर करसवलत मिळत नाही, त्यामुळे धनादेश किंवा ऑनलाइन मार्ग बरा. परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून मदत घेताना अधिक काळजी लागते. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय अंशदान ठरत नाही. मात्र ज्यांनी अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे, अशा काका-मामांची देणगी २०१० च्या परकीय अंशदान नियमन कायद्याखाली येते आणि त्यासाठी संस्थेकडे तशी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते.

आता प्रत्यक्ष सायकलीविषयी. सायकल महागडी असण्याची गरज नाही. ती अंगाला बेताची असावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीटची उंची ठेवावी. सीट खूप खाली असेल तर पन्नास किलोमीटरनंतर गुडघे दुखू लागतात. सरावाचे अंतर आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवावे. जोराचे श्रम केल्यास शरीरातला साखरेचा साठा साधारण दीड-दोन तासांत सरत येतो. भूक लागण्याची वाट पाहिल्यास उशीर होतो. केळी, खजूर, चिक्की असे काही दर अर्ध्या तासाने तोंडात टाकावे. केवळ पाणी भरमसाट पिणेही धोक्याचे, कारण त्यामुळे रक्तातल्या सोडियमचे प्रमाण घटते. पाण्याबरोबर मीठही पोटात जायला हवे.

एकट्याने सराव करणाऱ्याला गर्दीत चालवण्याची सवय नसते. पुढच्या सायकलीच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक बाजूने समांतर येऊ देऊ नये. पुढचा स्वार जरासा सरकला तरी मागचा पडतो. थांबण्याआधी हात दाखवावा आणि मोठ्याने सांगावे. हेल्मेट, एक जादा ट्यूब आणि छोटा पंप जवळ असावाच.

चढावर काय होते, हे ब्रिटनमध्ये १९७६ पासून सुरू झालेल्या लंडन ते ब्रायटन या ५४ मैलांच्या फेरीत दिसते. हृदयरोग संशोधनासाठी निधी जमवणाऱ्या या फेरीतला डिचलिंग बीकनचा चढ शेवटच्या टप्प्यात, पाय थकल्यानंतर येतो. नवखे स्वार चढ सुरू झाल्यावर गिअर बदलू पाहतात आणि ताणाखाली साखळी उतरते. हलका गिअर पायथ्याशीच घ्यायला हवा. अनेक जण उतरून सायकल ढकलत चालतात. अशांनी रस्त्याची डावी कड धरावी, म्हणजे मागून चढणाऱ्यांना वाट मिळते. माथ्यापासून ब्रायटनकडे उतार लागतो. तिथे हात थकलेले असल्याने दोन्ही ब्रेक आधीपासून, थोडे थोडे दाबत खाली यावे.