कार्डावरचं नाव आणि उपचाराचा खर्च

नवरा-बायकोचं पटेनासं झालं, बाई मुलं घेऊन माहेरी आली, की दोन्हीकडची माणसं बसतात. बोलणी होतात ती दागिन्यांची, भांड्यांची, मुलं कुणाकडे राहणार याची. आजारपणाचा खर्च कुणी करायचा, हा विषय त्या बैठकीत सहसा निघत नाही. तो निघतो पुढे कधीतरी, डॉक्टरांनी गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगितलं किंवा धाकट्याला न्यूमोनिया झाला की. तेव्हा लक्षात येतं की सगळी कार्डं सासरच्या कपाटात आहेत.

शहापूर-मुरबाडच्या गावांत याबाबत दोन उलट समज शेजारी शेजारी नांदतात. बाई घर सोडून गेली, आता तिच्या दवाखान्याशी नवऱ्याचा संबंध नाही, हा एक. आणि घटस्फोट झालेला नाही ना, मग विमा आहेच, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. उपचाराच्या खर्चाची जबाबदारी कायद्यातून येते, तर विम्याचं संरक्षण पॉलिसीच्या करारातून किंवा योजनेच्या नियमातून. यादीतून नाव निघालं म्हणून जबाबदारी संपत नाही, आणि जबाबदारी आहे म्हणून नाव आपोआप टिकत नाही.

इथल्या बहुतेक घरांचा आरोग्य विमा म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2012 साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली आणि 2017 पासून आजच्या नावानं चालते. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयानं ती राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली झाली आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपये झाली. या योजनेत कुटुंब म्हणजे रेशनकार्डावरची नावं. म्हणून "कार्ड माझं आहे, तुला ऑपरेशन करता येणार नाही," असं नवरा फोनवर सांगतो तेव्हा बाई गप्प बसते. तिनं गप्प बसायचं कारण नाही. अन्नसुरक्षा कायदा 2013 च्या कलम 13 प्रमाणे अंत्योदय आणि प्राधान्य कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव लागतं ते घरातल्या सर्वांत मोठ्या, अठरा वर्षांवरच्या बाईचं. एकत्र घरात ती सासू असेल, वेगळी चूल असेल तर ती हीच बाई असेल. नवरा त्या कार्डाचा मालक नव्हे. तिचं नाव कार्डावर आहे तोवर ती लाभार्थी आहे, मग ती डोळखांबला राहो की धसईला. मात्र पाच लाख सगळ्या कार्डाला मिळून आहेत. सासऱ्यांच्या हृदयावर उपचार झाले असतील तर तेवढी रक्कम त्यातून गेलेली असते.

खरा धोका नाव एकीकडून निघून दुसरीकडे न लागण्याचा आहे. रेशन दुकानदाराला नाव काढण्याचा अधिकार नाही. ते काम तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होतं. नाव कमी केल्याचा दाखला हातात आला की तो पिशवीत जपून ठेवू नये. माहेरच्या कार्डावर नाव चढवण्याचा किंवा स्वतंत्र कार्डाचा अर्ज लगेच द्यावा, मुलं सोबत असतील तर त्यांच्या नावांसकट. अधल्यामधल्या काळात आजारपण आलं तर एक आधार आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. म्हणजे शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय इथे पैसे भरावे लागत नाहीत, आणि पुढे उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात पाठवलं तर तिथेही नाहीत. नवऱ्याचं कोणतंही कार्ड त्यासाठी लागत नाही.

आता कारखान्यांकडे येऊ. मुरबाड एमआयडीसीत, आसनगाव-वाशिंदच्या कंपन्यांत, भिवंडीच्या गोदामांत कामाला जाणाऱ्या ज्या कामगारांचा पगार 21,000 रुपयांपर्यंत आहे, त्यांच्यासाठी राज्य कामगार विमा असतो, म्हणजे ईएसआय. तिथे कुटुंबात कायदेशीर बायको येते. ती वेगळी राहते एवढ्यानं हक्क जात नाही. कुटुंब दुसऱ्या गावी असेल तर त्यांच्यासाठी वेगळा दवाखाना नोंदवण्याचीही सोय आहे. यातली एक गोष्ट दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी नवऱ्याला समजावून सांगायला हवी. कामगाराच्या पगारातून कापला जाणारा पाऊण टक्का नावांच्या संख्येवर ठरत नाही. बायकोचं नाव राहिलं म्हणून त्याला एक रुपया जास्त भरावा लागत नाही आणि काढलं म्हणून वाचत नाही. रागाच्या भरात नाव काढून टाकणं ही निव्वळ इजा आहे, आणि ती बहुधा मुलांच्या आईलाच होते. घटस्फोटाचा हुकूम झाला की मात्र बायको म्हणून असलेला हा हक्क संपतो. मुलांचा संपत नाही. ती वडिलांवर अवलंबून असतील तर कार्डावर राहतात.

खासगी पॉलिसीत गोष्ट जास्त नाजूक आहे. फॅमिली फ्लोटर नवऱ्याच्या नावानं घेतलेली असते आणि हप्ता तोच भरतो. बायकोचं नाव पॉलिसीत कायम ठेवलंच पाहिजे, असं थेट सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. नूतनीकरणाच्या वेळी त्यानं नाव वगळलं तर तिला ते कळवलं जाईलच असंही नाही. कंपनीच्या गटविम्यातही हेच. म्हणून पॉलिसी क्रमांक आणि संपण्याची तारीख आपल्याकडे लिहून ठेवावी. शक्य असेल तर मुदत संपायच्या दीड-दोन महिने आधी त्याच विमा कंपनीकडे स्वतःच्या नावे वेगळी पॉलिसी मागावी. जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षं त्यात मोजली जातात. 2024 च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त 36 महिने आहे. मधुमेह असलेल्या बाईला ही वर्षं पुन्हा शून्यापासून मोजायला लावणं फार महागात पडतं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, तेवढाच हलका भार.

आणखी एक बारीक, पण पैशांची गोष्ट. वेगळं राहताना पॉलिसी चालू असेल तर शक्यतो कॅशलेस उपचारच घ्यावेत. माहेरच्यांनी बिल भरलं आणि नंतर दावा लावला, तर परतावा साधारणपणे पॉलिसीधारकाच्या, म्हणजे नवऱ्याच्याच खात्यात जातो.

मोबाइलवर सापडणारा सल्ला अनेकदा अमेरिकेतला असतो. तिथे वीस किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या विम्यात घटस्फोटित जोडीदाराला स्वतः हप्ता भरून 36 महिन्यांपर्यंत राहता येतं. तसा हक्क इथे नाही. नातेवाइकानं पाठवलेल्या व्हिडिओवर विसंबून कुणी घटस्फोटाच्या कागदावर सही करू नये.

मग नवऱ्याची जबाबदारी कुठे लिहिलेली आहे? हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा 1956 मध्ये पोटगीची व्याख्या करताना अन्न, वस्त्र, निवारा यांच्या जोडीला वैद्यकीय उपचार स्पष्ट लिहिले आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 च्या कलम 20 खाली न्यायालय उपचाराचा खर्च द्यायला लावू शकतं. इतकंच नव्हे, तो नवऱ्याच्या पगारातून थेट कापून द्या असं मालकाला सांगू शकतं. घरातल्या सोयीसुविधांचा वापर तोडणं हा त्याच कायद्यात आर्थिक छळाचा प्रकार मानला आहे. मुद्दाम विमा तोडला असेल तर वकिलाला हा मुद्दा मांडता येतो.

इथे आदिवासी वाड्यापाड्यांसाठी वेगळं सांगावं लागतं. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली या अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा पोटगी कायदा लागू होत नाहीत. त्यावरून "आमच्यात काडीमोड झाली, आता काही मागता येत नाही," अशी समजूत झाली आहे. ती खरी नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, म्हणजे पूर्वीचं 125, हे जातधर्म न पाहता लागू होतात. मुस्लिम घटस्फोटितेलाही 125 ची वाट खुली आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 10 जुलै 2024 रोजी स्पष्ट केलं. या कलमाखाली घटस्फोट झालेली, पुन्हा लग्न न केलेली बाईसुद्धा पोटगी मागू शकते.

सर्वांत घातक कागद म्हणजे स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी. रूढीनं मान्य असलेला काडीमोड सोडला, तर हिंदू विवाह नोटरीच्या शिक्क्यानं मोडत नाही. पण त्या कागदावर "आम्ही राजीखुशीनं वेगळे राहत आहोत" असं एक वाक्य हमखास असतं. परस्पर संमतीनं वेगळं राहणाऱ्या बायकोला कलम 144 ची पोटगी नाकारता येते. म्हणजे घटस्फोट तर झाला नाही, आणि औषधपाण्याचा हक्क मात्र स्वतःच्या अंगठ्यानं अडचणीत आला. कोर्टातून संमतीनं घटस्फोट घेणं वेगळं. तिथे अटी लिहिताना एकरकमी आकड्यात पुढच्या विम्याचा हप्ता आणि चालू आजाराची औषधं धरली आहेत का, मुलांचं नाव कुणाच्या विम्यात राहणार, हे शब्दांत लिहून घ्यावं.

कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज आणि कलम 144 चा अर्ज बाई सध्या राहते तिथल्या न्यायालयात देता येतो. मुरबाडला माहेर असेल तर मुरबाडला, शहापूरला असेल तर शहापूरला. विधी सेवा कायदा 1987 प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीत किंवा 15100 वर विचारावं. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालानुसार दोघांनाही मिळकत आणि खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं आणि नाव वगळल्याचा काही पुरावा असेल तर तो, असं सगळं पहिल्याच अर्जाला जोडावं, आणि अंतरिम खर्चाची मागणी त्याच अर्जात करावी.